सोडली आणि सुटली

आज मारबत. काल पोळा फुटला. संध्याकाळी पोरं लाकडी बैल ओढत बोजाऱ्यासाठी दारोदार फिरतील, पण त्याआधी दुपारी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे पीडा वाहून नेणारी पुतळी, निघेल, काळी तिच्या वाटेने येईल, नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होईल आणि गर्दी अंगात आल्यासारखी ओरडेल. १८८०च्या दशकापासून हे शहर वर्षातून एकदा असं ओरडतं. इडा, पिडा, रोगराई आणि हमखास खोकला, सगळं घेऊन जा गे मारबत!

गेल्या वर्षी त्या गर्दीत माझ्या शेजारी साठीचे एक काका उभे होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, दोन बोटांत अर्धी विडी. मारबत समोर आली तशी त्यांनी विडी तोंडातून काढली आणि खोकला घेऊन जा म्हणून अशी आरोळी ठोकली की तिनेच त्यांना उबळ आली. चांगली दोन मिनिटं खोकत होते. डोळ्यांत पाणी. उबळ थांबली तोवर विडी विझली होती, म्हणून त्यांनी शेजाऱ्याला माचिस मागितली. आजूबाजूचे हसले. काकाही हसले. ‘ते त नेते बाप्पा दरसाली,’ ते म्हणाले, ‘मीच वापस आणतो.’

हे वाक्य वर्षभर डोक्यातून गेलं नाही. आज अग्रलेखासाठी महागाई होती, खड्डे होते, मारबतीसोबतच्या बडग्यांच्या पुतळ्यांवर दरवर्षी मिरवणारे सगळे नेहमीचे विषय होते. पण मारबतीच्या दिवशी खोकल्यावर लिहिणं जास्त रास्त वाटलं. त्यात मी स्वतः अठरा वर्षं सिगरेट ओढली आहे, तेव्हा हा विषय ऐकीव नाही.

मारबतीच्या गर्दीत ओरडायला कोणालाच लाज वाटत नाही. डॉक्टर ओरडतो, हमाल ओरडतो, नगरसेवक तर ओरडतोच. खेड्यात याचं दुसरं रूप आहे. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रत्येक घरचा माणूस आपले मेढे उचलतो आणि सगळे मिळून शिवेबाहेर टाकून येतात. घरातली पीडा घरातल्या घरात संपवायची अशी रीत नाही. ती बाहेर काढायची, आणि गावाच्या देखत. पण हाच माणूस सिगरेट सोडायचं ठरवतो तेव्हा मात्र कोणाला कळू देत नाही. बायकोलाही नाही. कारण उद्या परत धरली तर लोक हसतील. म्हणून तो गुपचूप सोडतो आणि गुपचूपच धरतो. सोडल्याचं कौतुक नाही आणि धरल्याची विचारपूस नाही. आपल्या शहरात असे किती जण दर महिन्याच्या एक तारखेला एकट्याने सोडतात आणि चार तारखेला एकट्याने धरतात, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते.

मराठीत या बाबतीत एक बारीक फरक आहे. ‘सिगरेट सोडली’ आणि ‘सिगरेट सुटली’. सोडणं आपल्या हातात असतं, ते एका रात्रीत होतं, दहा वेळा होतं. सुटणं आपल्या हातात नसतं. गाठ सुटते, ताप सुटतो, बैल जुवातून सुटतो, तशी ती एक दिवस सुटलेली लक्षात येते. या दोन क्रियापदांच्या मधलं जे अंतर आहे, काही महिन्यांचं किंवा काही वर्षांचं, ते एकट्याने कापणं फार अवघड. कोणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाच जणच सहा महिने-वर्षभर टिकतात, असं जगभरचे अभ्यास सांगतात. म्हणजे उरलेले पंचाण्णव बुळचट असतात का? मुळीच नाही. झुरका घेतल्यापासून दहाएक सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. वर्षानुवर्षं दिवसाला दहा-वीस वेळा हा हप्ता मिळालेला मेंदू तो बंद झाल्यावर सावकारासारखा दारात बसतो. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप उडणं, कशातच मन न लागणं. तीन-चार आठवड्यांत तो जोर ओसरतो. एकेक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांचीच असते. ती पाच-दहा मिनिटं कशी आणि कोणासोबत काढायची, सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

आमच्या कचेरीखाली एक पानठेला आहे. डाक आवृत्ती दहाच्या सुमारास सुटते आणि शहर आवृत्तीची पानं लागायला अजून वेळ असतो. त्या मधल्या पोकळीत आम्ही चौघं खाली उतरायचो. एक उपसंपादक, एक छायाचित्रकार, एक पानं लावणारा आणि मी. (ठेल्यावरचा भाऊ म्हणायचा, मीही पानं लावतो, पण माझी पानं लोक विकत घेतात.) काऊंटरच्या कोपऱ्याला सुतळीने बांधलेला लायटर. सुतळी इतकी आखूड की सिगरेट पेटवायला मान तिरपी करून वाकावं लागे. त्यामुळे रोज रात्री चौघं आळीपाळीने त्या ठेल्याला मुजरा करायचो. आम्ही जिन्यात दिसलो की भाऊ चार सिगरेटी काढून डब्यावर मांडून ठेवायचा. मागायचीही गरज नाही. सुटी सिगरेट-विडी विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे आमच्याच वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि ते पान आमच्यातल्याच एकाने लावलं होतं. रद्दीत गेल्यावर त्याच कागदात भाऊ बडीशेप बांधून द्यायचा.

काही वर्षांपूर्वी सोडायचं ठरलं ते मारबतीनेच. छायाचित्रकार भर गर्दीत एका घराच्या गच्चीकडे धावला, दोन जिने चढला आणि वर पोचल्यावर त्याला इतकी धाप लागली की कॅमेरा स्थिर धरता येईना. काळी-पिवळीची भेट होऊन गेली. ते छायाचित्र दुसऱ्या वर्तमानपत्रात आलं, आमच्यात नाही. त्या रात्री ठेल्यावर त्याने पाकीट काढलं, चुरगळलं आणि म्हणाला, ‘आपण चौघं सोडून टाकू न बे.’ चौघांनी हो म्हटलं.

पहिली चूक तिथेच झाली. आम्ही सिगरेट सोडली म्हणून ठेलाही सोडला, आणि ठेला सोडला म्हणून एकत्र चहाही बंद झाला. दहा ते साडेअकरा ही वेळ प्रत्येक जण आपापल्या टेबलाशी नखं कुरतडत काढू लागला. खाली उतरणं हे निमित्त होतं, चौघांचं भेटणं खरं होतं, हे तेव्हा समजलं नाही. धुरासोबत सोबतही गेली. एकोणिसाव्या दिवशी पानं लावणाऱ्याने पुन्हा धरली. सांगितलं नाही. पण एरवी वेलचीचं नाव न घेणारा माणूस अचानक वेलची चघळताना दिसू लागला, आणि आम्ही तर त्याच विद्येत मुरलेले. मग दुसरी चूक झाली, ती पहिलीपेक्षा वाईट. आम्ही त्याची टिंगल केली. ‘काहून बे, उपास मोडला का?’ असं दोन-चार दिवस चाललं. तो हसायचा. मग आमच्याकडे यायचाच बंद झाला. नंतर कळलं की तो रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या ठेल्यावर जातो, म्हणजे सिगरेट ओढायला पंधरा मिनिटं चालत जायचा आणि पंधरा मिनिटं परत, फक्त आमची नजर चुकवायला.

आमच्या चौघांचीच गोष्ट एका मोठ्या अभ्यासातही सापडते. फ्रॅमिंगहॅम हे अमेरिकेतलं बोस्टनजवळचं एक गाव. तिथल्या लोकांच्या हृदयाची तपासणी १९४८ पासून पिढ्यान्पिढ्या चालू आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी त्या दप्तरातून १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ माणसांची नाती-मैत्री जोडून पाहिली आणि कोणी सोडली की आजूबाजूला काय होतं, ते २००८ मध्ये मांडलं. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. भावंडाने सोडली तर २५. सख्ख्या भावापेक्षा शेजारच्या टेबलावरचा माणूस जास्त कामाचा, हे वाचून मला ठेल्यावरचे आम्ही चौघं आठवलो. या आकड्यांवर तज्ज्ञांत वादही झाले. सारख्या सवयीची माणसंच एकमेकांचे मित्र होतात, मग कोणामुळे काय झालं हे कसं ठरवणार, असा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त लागली. माणसं सुटी-सुटी सोडत नाहीत, गटच्या गट एका वेळी सोडतात. आणि जे मागे राहतात ते हळूहळू गोतावळ्याच्या काठावर जातात. १९७१ मध्ये ओढणारा माणूस मैफलीच्या मधोमध होता. तीस वर्षांनी तो दाराबाहेर उभा होता. आमचा पानं लावणारा रेल्वे फाटकापलीकडे उभा होता.

त्याला परत आणलं छायाचित्रकाराने, तेही न बोलता. एका रात्री तो फाटक ओलांडून त्या ठेल्यावर गेला, दोन चहा सांगितले आणि शेजारी उभा राहिला. सिगरेटीबद्दल शब्द नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा गेला. चौथ्या रात्री पानं लावणाराच म्हणाला, ‘इतक्या दूर काहून येतो? आपल्याच ठेल्यावर पिऊ.’ मग चौघं परत आपल्या ठेल्यावर उतरू लागलो, चहासाठी. भाऊनेही शहाणपणा केला. आम्ही दिसलो की डब्यावर सिगरेटींऐवजी बडीशेपेची पुडी ठेवू लागला. त्याच्या धंद्याचं नुकसान आम्ही केलं हे खरं, पण तर्री-पोह्याची गाडी शेजारीच त्याच्या भाच्याची होती आणि आम्ही चौघंही त्या दिवसांत भुकेने पेटलेलो होतो, तेव्हा घराण्याचा हिशेब फार बिघडला नसावा. त्याच वेळी एक नियमही ठरला. तलफ आली की चौघांपैकी कोणालाही फोन लावायचा आणि एकच शब्द म्हणायचा, ‘चहा’. कारण सांगायचं नाही, समोरच्याने विचारायचं नाही. वेळ कोणतीही असो.

घरच्यांचा आधार हा वेगळा आणि जरा नाजूक विषय आहे. मराठीत ‘चौकशी’ आणि ‘विचारपूस’ असे दोन शब्द आहेत. बहुतेक घरांत प्रेमापोटी चौकशीच होते. हात हुंगले जातात, खिसे तपासले जातात, ‘आज नाही ना ओढली?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटासोबत येतो. ज्याने खरंच ओढलेली नसते त्याला तो आरोप वाटतो, आणि ओढलेली असेल त्याला खोटं बोलायचा सराव होतो. माझ्या घरी पहिले दोन आठवडे हेच चाललं. मग एक दिवस काही न बोलता माझ्या डब्यात रोज मूठभर भाजलेले फुटाणे येऊ लागले. हाताला आणि तोंडाला चाळा. ते फुटाणे कोणी टाकले हे मी विचारलं नाही, बायकोनेही सांगितलं नाही. विचारपूस म्हणतात ती ही.

एक सापळा सांगायला हवा, कारण तो खास आपल्याकडचा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले. देशात तेव्हा ते १०.७ टक्के होते. छाती फुगवावी असा आकडा. पण त्याच सर्वेक्षणात बिनधुराची तंबाखू खाणारे महाराष्ट्रात २४.४ टक्के होते. नागपुरात तर हे सांगायला सर्वेक्षणही लागत नाही, कोणत्याही चौकात पानठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज ऐकला की पुरे. इथे सिगरेट सोडणाऱ्याला मित्र पहिला सल्ला देतो तो असा की ‘थोडा खर्रा धर, मग सुटते’. आमच्या उपसंपादकाने ऐकला तो सल्ला. सिगरेट सुटली म्हणून त्याने पेढे वाटले आणि ज्या हाताने पेढे वाटले त्याच हाताने खर्ऱ्याची पन्नी उघडली. धूर गेला, निकोटिन तिथेच राहिलं, वर सुपारी आणि चुना येऊन बसले. शहरातली कर्करोग रुग्णालयं तोंडाच्या रोग्यांनी का भरलेली असतात, हे त्या पन्नीत वाचता येतं. औषधाच्या दुकानात निकोटिनचा गम मिळतो, तो तात्पुरता आधार म्हणून बरा. पण लोक तो च्युइंगगमसारखा भराभरा चावतात, उचकी लागते, मळमळतं आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून फेकून देतात. तो सावकाश चावायचा, जीभ चुरचुरली की गालाशी दाबून ठेवायचा, थोड्या वेळाने पुन्हा. हे डॉक्टरला विचारलं तर तो दोन मिनिटांत दाखवतो. आपण विचारत नाही, कारण मग सोडतो आहोत हे त्याला कळेल!

विडीबद्दलही बोललं पाहिजे, कारण मारबतीतले काका विडीवाले होते. तंबाखू कमी म्हणून विडी सौम्य, असा समज खेड्यापाड्यांत अजून पक्का आहे. विडी सारखी विझते. विझू नये म्हणून जास्त झुरके, खोल झुरके घ्यावे लागतात, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साईड सिगरेटीहून कमी जात नाही, जास्तच जातं. पण विडी आपल्या भागात फक्त व्यसन नाही, पोटही आहे. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रूढ केला त्या कामठीच्या बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. गोंदिया-भंडाऱ्याची कित्येक घरं विडी वळून चालली. गडचिरोलीत वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करतात. मे महिन्यातल्या त्या तोडणीवर घराच्या वर्षभराच्या बऱ्याच गरजा भागतात. आणि त्याच गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांचं ‘मुक्तिपथ’ गावोगाव दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं. एकाच गावात सकाळी तेंदूपत्त्याचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या बैठकीला बसायचं. यात विसंगती आहे, पण तिच्यावर नागपुरात बसून तोंडसुख घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. तिथे एकट्या व्यसनी माणसाला बाजूला घेऊन उपदेश केला जात नाही. गाव संघटना बसते, बायका पुढे असतात, आणि गावात खर्रा विकायचा की नाही हे गाव ठरवतं. सोडणाऱ्याच्या वाटेतला ठेलाच गाव उचलतं. शिवाय ज्याला औषधोपचार लागतो त्याच्यासाठी तालुक्याला दवाखाना आहे.

ही पद्धत काही परकी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही एक होती. शेजारच्याच्या कानावर पडेल अशा आवाजात ती म्हटली गेली. तुकडोजी महाराजांची प्रार्थना सामुदायिक होती, एकांतातली नव्हे. खंजिरी वाजवत त्यांनी गावंच्या गावं व्यसनांपासून वळवली. त्यांच्या नावाने आज मानेवाडा रस्त्यावर कर्करोग रुग्णालय उभं आहे. मोठ्याने आणि मिळून सोडण्याची विद्या या भागाला ठाऊक होती. ती विसरली कुठे, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांनी सोडवावा.

सरकारने काय केलं नाही याची यादी मोठी आहे, पण केलेलं एक काम कामाचं असून फारसं कोणी वापरत नाही. सिगरेटीच्या पाकिटावर भयानक चित्राखाली एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फुकट आहे. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली ती सेवा, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही चालू लागली. तिथे माणूस बोलतो, तारीख ठरवायला लावतो आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारतो. ज्याच्या कचेरीत छायाचित्रकार नाही, ज्याच्या डब्यात फुटाणे येत नाहीत, त्याच्यासाठी हा पहिला मित्र. अडचण अशी की नंबर पाकिटावर आहे आणि आपल्याकडे गिऱ्हाईक सिगरेट सुटी घेतं. पाकीट बघतो तो ठेलेवाला. महापालिकेने हाच नंबर ठेल्यांच्या पाटीवर रंगवायला लावला तर रंगाच्या डब्याएवढाच खर्च येईल. सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास २०० रुपये दंड, ही पाटी २ ऑक्टोबर २००८ पासून आपण पाहतोच आहोत, आणि तिच्याच खाली उभं राहून ओढतोही आहोत. निदान दुसरी पाटी ओढणाऱ्याला धमकावणार नाही.

आणि एक विनंती गणेश मंडळांना. चार दिवसांनी गणपती बसतील. आज मारबतीसोबत ज्याने सोडली त्याच्यासाठी पुढचे दहा-पंधरा दिवस कठीण, आणि नेमक्या त्याच दिवसांत मंडपाच्या मागे रात्रभर जागरण, पत्ते, चहा आणि फिरतं पाकीट. कार्यकर्ते एरवी कशाकशाचे फलक लावतात. यंदा मंडपामागे पाकीट फिरणार नाही एवढंच पाळलं, आणि ज्याने सोडली आहे त्याला रात्रीच्या पाळीत एकटं बसवलं नाही, तरी बाप्पाची मोठी सेवा होईल. त्यातला एखादा नवव्या रात्री ओढताना सापडला तर त्याला हसू नये. शेजारी जाऊन चहा सांगावा.

साठीच्या काकांना कोणी सांगायला हवं होतं की अजून उशीर झालेला नाही. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं माग ठेवणाऱ्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्याचं आयुष्य ओढत राहणाऱ्यापेक्षा साधारण दहा वर्षांनी वाढलेलं दिसलं, चाळिशीत सोडणाऱ्याचं नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्याचं तीन वर्षांनी. डॉल स्वतः ओढायचे. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या आपल्याच आधीच्या अभ्यासाचे आकडे हाताशी येऊ लागले तशी त्यांनी सोडली. तीन वर्षं म्हणजे तीन मारबती, काका. मी तेव्हा हे बोललो नाही. गर्दीत ते पुढे निघून गेले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या विडीचा वास मला बरा वाटला होता.

आमच्या चौघांचा हिशेब विचाराल तर असा. छायाचित्रकाराची सुटली, पुरती सुटली. माझी सुटली असं मी तीन वर्षांपूर्वी म्हणालो होतो, मग वडील गेले त्या आठवड्यात दोन ओढल्या, आणि त्यानंतर पुन्हा नाही. आता सुटली म्हणायचं धाडस होत नाही, सोडली म्हणतो. उपसंपादक दुसऱ्या शहरात बदलून गेला, पन्नीसकट. पानं लावणारा सध्या पाचव्यांदा सोडतो आहे. आज अकरावा दिवस.

इथवरचा मजकूर त्याच्याकडे पान लावायला पाठवून मी काल रात्री घरी आलो. जेवण झालं होतं, पोळ्याच्या पुरणाने डोळे जड झाले होते. पावणेबाराला फोन वाजला.

‘चहा,’ तो म्हणाला.

मी चपला घातल्या.